एकदा ऐकून लिहिता येईल असं नाव

दूध संस्थांसाठीचं आमचं सॉफ्टवेअर आधी चालू झालं आणि कंपनीला नाव नंतर मिळालं. मी पुण्यात नोकरीला होतो. मामेभाऊ कोल्हापुरात वजनकाटे आणि दुधाचे ॲनालायझर बसवून द्यायचा, बंद पडले की दुरुस्त करायचा. काट्यावरचं वजन, ॲनालायझरवरची फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), दरपत्रकातला दर आणि शेवटी उत्पादकाच्या हातात पडणारी पावती हे सगळं एका धाग्यात जोडणारा प्रोग्राम मी लिहिला आणि त्यानं तो ओळखीच्या संस्थांमध्ये बसवला. दहा दिवसांचं बिल चुकत नाही म्हटल्यावर शेजारच्या गावांतून विचारणा येऊ लागली. तिथं अडलं. सहकारी संस्थेला काही विकत घ्यायचं तर संचालक मंडळाचा ठराव लागतो, ठरावात विकणाऱ्याचं नाव लागतं, लेखापरीक्षणात त्या नावाचं बिल दाखवावं लागतं. तोवर सगळे 'काटेवाल्याचं सॉफ्टवेअर' म्हणायचे. ते ठरावाच्या वहीत कसं लिहिणार?

धंद्यातल्या बहुतेक गोष्टी आपल्या हातात असतात. आपण असतो तेव्हा आपण समजावतो, दुरुस्त करतो, पटवतो. नाव मात्र आपण नसताना चालतं. एक सचिव दुसऱ्या सचिवाला फोनवर सांगतो तेव्हा आपण तिथं नसतो. आमचा धंदा तर सगळा असाच, एका गावातून दुसऱ्या गावात तोंडी जाणारा. म्हणून या कामाला वेळ द्यायचा, घाईनं काहीतरी चिकटवून मोकळं व्हायचं नाही, हे आम्ही दोघांनी पहिल्याच बैठकीत ठरवलं.

पहिली यादी सगळ्यांची होते तशीच झाली. एका बाजूला दूध, मिल्क, डेअरी; दुसऱ्या बाजूला टेक, सॉफ्ट, सेतू, मित्र. कुठलाही डावा तुकडा कुठल्याही उजव्या तुकड्याला जोडा, नाव तयार. ही नावं वाईट नव्हती, उलट कामाची होती. ऐकल्याबरोबर कळायचं की हे दुधाच्या कामाचं आहे. पण ट्रेडमार्कच्या, म्हणजे धंद्यातल्या नावावरचा हक्क कायद्यानं नोंदवून देणाऱ्या, वकिलांनी यादी बघितली आणि बहुतेक नावांवर काट मारली. ट्रेडमार्क कायदा १९९९ चा, त्याचं कलम ९ म्हणतं की मालाचा किंवा सेवेचा प्रकार, गुण, उपयोग, मूळ ठिकाण एवढंच सांगणारा शब्द साधारणपणे नोंदवता येत नाही. दूध आणि सॉफ्टवेअर हे शब्द या धंद्यातल्या प्रत्येकाला वापरावे लागणार, ते एकाला कसे देऊन टाकायचे? मला हे न्यायाचं वाटलं. शिवाय असं नाव नोंदलं गेलं तरी ते राखायला आयुष्यभर भांडावं लागतं, कारण शेजारी पुढच्या महिन्यात तेच दोन तुकडे उलटे जोडून उभा राहतो.

याच वेळी मी दुसऱ्या कंपन्यांची नावं कशी पडली ते वाचत होतो. त्यातलं एक उदाहरण तर आपल्याच जळगाव जिल्ह्यातलं. अमळनेरला १९४५ मध्ये वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाची तेला-तुपाची कंपनी सुरू झाली. त्या लांब नावाचं आखडून विप्रो झालं. तेल त्या नावात कुठं दिसत नाही, म्हणूनच पुढं संगणकाच्या धंद्यात उतरताना ते नाव अंगाला घट्ट झालं नाही. 'व्हेजिटेबल' हा शब्द नावात तसाच राहिला असता तर? मामेभाऊ तेव्हाच बोलत होता की दुधाचा काटा जोडता येतो तर उद्या उसाचाही जोडू. मग नावात 'दूध' घालून आपणच दावं कशाला बांधून घ्यायचं?

दुसरी एक गोष्ट मला तीन ठिकाणी सारखी दिसली. जपानची टोकियो त्सुशिन कोग्यो ही कंपनी आपल्या रेडिओवर सोनी हे नाव घालायची आणि १९५८ मध्ये तिनं स्वतःचंच नाव सोनी केलं. पुण्यातली कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस तिच्या क्विक हील या अँटिव्हायरसमुळे ओळखली जायची. २००७ मध्ये कंपनीच क्विक हील टेक्नॉलॉजीज झाली. ॲडव्हेंटनेट ही सॉफ्टवेअर कंपनी २००९ मध्ये झोहो झाली, तेही तिच्या उत्पादनाचंच नाव. गिऱ्हाईक वस्तूचं नाव लक्षात ठेवतं, कंपनीचं नाही. आपल्याकडे कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ असं पूर्ण नाव घेणारा माणूस मला कधी भेटला नाही. सगळे गोकुळच म्हणतात. तेव्हा कंपनीला एक भारदस्त नाव आणि सॉफ्टवेअरला एक सुटसुटीत नाव असा दुहेरी संसार नको. पावतीवर जे छापायचं तेच बिलावर, तेच पाटीवर.

मग आम्ही वर्णन सोडून गोठ्याकडे वळलो. आमच्याकडे दुधाच्या शब्दांची काय कमी? धार, चरवी, कासंडी, साय, निरसं, विरजण, खरवस, दावण. कोल्हापुरात संध्याकाळी गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीची धार समोर काढून पेल्यात देतात, त्या शहरात वाढलेल्या माणसाला या शब्दांची यादी करताना आनंदच होतो. मला वाटलं आता काम झालं. एकेक शब्द पारखायला घेतला तेव्हा खरं काम सुरू झालं.

'साय' घ्या. दोन अक्षरं, मऊ, दुधाचं सार. इंग्रजी अक्षरांत एस-ए-आय लिहिलं तर जो तो साई वाचणार, एस-ए-वाय लिहिलं तर से. तरी मी ते सोडत नव्हतो. शेवटी निपाणीकडच्या एका संस्थेच्या सचिवांना विचारलं, कारण सीमेपलीकडं आमचं काम जाणार हे दिसत होतं. ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "साहेब, कन्नडमध्ये साय म्हणजे मरणं. पावतीवर नका छापू." विषय संपला. 'निरसं' मला फार आवडलं होतं. न तापवलेलं, जसं निघालं तसं दूध. आकड्यात फेरफार न करणाऱ्या सॉफ्टवेअरला याहून चांगला शब्द कुठला? पण हिंदी माणसाला त्यात नीरस ऐकू येतं. 'चरवी' त्याच वाटेनं गेली, हिंदी कानाला ती चरबीच्या फार जवळ जाते. 'विरजण' मामेभावाला हवं होतं, चमचाभर घातलं की सगळं भांडं बदलतं म्हणून. त्याच्या घरी वहिनींनी एका वाक्यात निकाल लावला: "लोकं उत्साहावर विरजण पडलं म्हणतात, आणि तुम्ही तेच नाव घेऊन दारात जाणार?" 'धार' हे मध्य प्रदेशातल्या एका जिल्ह्याचं नाव, आणि इंग्रजीतून वाचताना धर होतं ते वेगळंच.

या पडझडीतून मला जे कळलं ते कुठल्याही नामकरणाच्या सल्ल्यात मी वाचलं नव्हतं. आपल्या कंपनीचं नाव दोन लिप्यांत जगतं. संकेतस्थळ, ईमेल, ॲपचं नाव इंग्रजी अक्षरांत. पावती, ठराव, पाटी देवनागरीत. पाटीचं तर कायद्यातच आहे: कंपनी कायदा २०१३ चं कलम १२ सांगतं की कार्यालयाबाहेरचं नाव त्या भागातल्या भाषेच्या अक्षरांतही असलं पाहिजे. म्हणजे मराठीत ऐकलेलं नाव इंग्रजीत एकाच प्रकारे लिहिलं जायला हवं आणि इंग्रजीत वाचलेलं नाव मराठीत एकाच प्रकारे उमटायला हवं. ही दुहेरी वाट फार थोड्या शब्दांना पार करता येते.

मी वही घेऊन अक्षरांवरच बसलो. इंग्रजी टी मध्ये त आणि ट दोन्ही बसतात, डी मध्ये द आणि ड. ण आणि ळ यांना तिथं घरच नाही. च, ज, झ यांचे मराठीत दोन-दोन उच्चार. 'चारा' मधला च आणि 'चित्र' मधला च इंग्रजीत एकच दिसतो. व ला दोन अक्षरं. ए हे एकच अक्षर अ आणि आ दोघांचं काम करतं, त्यामुळे आपली निम्मी नावं इंग्रजीतून परत येताना ओळखू येत नाहीत. या चाळणीतून उरतात ती क, ग, प, ब, म, न, र, ल, स ही व्यंजनं आणि ओ, इ यांसारखे स्वर. ही यादी बघताना सोनी आणि विप्रो पुन्हा आठवले. दोन्ही नावं देवनागरीत लिहायला कुणाला विचारावं लागत नाही. कॅमेऱ्यांच्या कोडॅकचंही बहुतांशी तसंच. जॉर्ज ईस्टमननं १८८८ मध्ये तो शब्द जमवला तेव्हा त्याच्या अटीच अशा होत्या की नाव लहान असावं, त्याचा चुकीचा उच्चार करता येऊ नये आणि ते दुसऱ्या कशासारखं वाटू नये. त्याच्यापुढे दोन लिप्यांचा प्रश्न नव्हता, तरी त्या अटी मला आमच्यासाठीच लिहिल्यासारख्या वाटल्या.

इथं मामांचं म्हणणं सांगायला हवं. धंद्याला त्यांनी पैसे घातले होते आणि त्यांचा आग्रह साधा होता: "देवाचं नाव घाल की रं. जोतिबाचं घाल, अंबाबाईचं घाल." हा आग्रह मी हसण्यावारी नेला नाही. आमच्या भागातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या देवाच्या नावानं आहेत आणि त्या नावांवर लोकांचा विश्वास असतो. पण तीच अडचण आहे. देव सगळ्यांचा, ते नाव एका कंपनीचं कसं होणार? वकिलांनी मामांना २०१५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सांगितला. उदबत्त्यांसाठी 'रामायण' हे नाव एका व्यापाऱ्याला हवं होतं; पवित्र ग्रंथाच्या नावावर असा एकाचा हक्क सांगता येणार नाही, असं न्यायालयानं ठरवलं. मामांनी ते शांतपणे ऐकलं. "बरोबर हाय," म्हणाले, "देव आपल्या मालकीचा न्हाई." अर्ज भरला त्या दिवशी आम्ही सगळे आधी डोंगरावर जाऊन जोतिबाचं दर्शन घेऊन आलो, ही त्यांची अट होती आणि ती मला मनापासून मान्य होती.

शेवटची नावं आम्ही घरात बसून ठरवली नाहीत. मामेभाऊ सकाळच्या संकलनाच्या वेळी एखाद्या संस्थेतून दुसऱ्या गावच्या संस्थेत फोन करायचा. त्या वेळी तिथं काय आवाज असतो ते ज्यानं ऐकलंय त्यालाच माहीत. कूलरचा कॉम्प्रेसर चालू, कॅन आपटताहेत, रांगेत उभ्या बायका फॅट का कमी लागली म्हणून विचारताहेत. त्या गोंधळात तो एकदाच नाव सांगायचा आणि पलीकडच्या माणसाला म्हणायचा, वहीत लिहा आणि फोटो टाका. ज्या नावाला पलीकडून "काय म्हणालासा?" आलं ते बाद. ज्याचं स्पेलिंग सांगावं लागलं तेही बाद. आम्ही मुद्दाम वेगवेगळ्या वयाच्या लोकांना विचारलं: तीस वर्षं वही लिहिलेले सचिव, संगणकावर बसणारी नुकतीच बारावी झालेली मुलगी, टँकरचा चालक. मला स्वतःला आवडलेलं एक इंग्रजी धाटणीचं नाव होतं, पुण्यातल्या मित्रांनी त्याची वाखाणणी केली होती. वहीत ते प्रत्येकानं वेगळं लिहिलं. दुसरं एक नाव कुणालाच अडलं नाही. ते तसं कुठल्याच कोशात नाही. एका जुन्या भांड्याच्या नावाचा पहिला तुकडा आणि त्याला जोडलेला, काही अर्थ नसलेला शेवट. तीन अक्षरं, जोडाक्षर नाही, वर घातलेल्या चाळणीतून सगळंच्या सगळं पार होणारं. टँकरचा चालक म्हणाला, "आमच्याकडचंच वाटतंय, पण म्हंजे काय?" मला नेमकं हेच हवं होतं. ओळखीचं वाटावं आणि अजून कुणाचं नसावं. ते नाव मी इथं लिहीत नाही. अर्ज अजून तपासणीत आहे, आणि हे लिखाण त्याची जाहिरात व्हावं असंही मला वाटत नाही.

नाव सुचणं आणि नाव आपलं होणं यांत अंतर असतं. नावाला तीन दारांतून जावं लागतं आणि एका दारातला होकार दुसऱ्या दारात चालत नाही, हे नव्यानं धंदा काढणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो. कंपनीचं नाव मंजूर झालं म्हणजे ट्रेडमार्क मिळाला नाही. डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, विकत घेतलं म्हणजे दोन्हींपैकी काहीच मिळालं नाही.

कंपनीच्या नावाचा अर्ज कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर स्पाइस प्लस नावाच्या फॉर्मच्या पहिल्या भागात करायचा असतो. शुल्क १,००० रुपये, नावं दोन देता येतात, आणि त्यांत अडचण निघाली तर एकदा दुरुस्ती करून पाठवायची संधी मिळते. मंजूर झालेलं नाव २० दिवस राखून ठेवलं जातं, तेवढ्यात पुढची कागदपत्रं भरायची. आमच्या कंपनी सेक्रेटरी मॅडम पक्क्या होत्या. त्यांनी आधी आम्हाला कंपनी स्थापनेच्या नियमांतला नियम ८ वाचायला लावला. आधीच्या कंपनीच्या नावाचं अनेकवचन करा, मध्ये जागा सोडा, स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर फिरवा, शब्दांचा क्रम बदला, शेवटी डॉट कॉम लावा, गावाचं नाव जोडा, तरी कायद्याच्या नजरेत ते तेच नाव राहतं. एवढंच काय, इंग्रजी नावाचं हिंदीत केलेलं पूर्ण भाषांतरही तेच नाव. ज्यांना वाटतं की दुसऱ्याच्या चांगल्या नावात थोडा बदल करून भागेल, त्यांनी हा नियम जरूर वाचावा. आम्ही जमवलेला शब्द दिला होता, त्यामुळे शंका आली नाही आणि नाव पहिल्याच फेरीत मंजूर झालं.

ट्रेडमार्कचा शोध मात्र आम्ही त्याच्याही आधी घेतला होता, आणि क्रम असाच ठेवावा असं माझं ठाम मत आहे. नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट शोधता येतं. शब्द जसाच्या तसा शोधून थांबू नये. उच्चारानं शोधायची वेगळी सोय आहे, खरी माहिती तिथं मिळते, कारण कायदा कानालाही विचारतो. माल आणि सेवांचे मिळून ४५ वर्ग आहेत. डाउनलोड होणारं सॉफ्टवेअर वर्ग ९ मध्ये येतं, सॉफ्टवेअर बनवून देणं आणि इंटरनेटवरून सेवा म्हणून पुरवणं वर्ग ४२ मध्ये. आम्हाला दोन्ही लागणार होते. स्टार्टअप किंवा लघुउद्योग म्हणून नोंद असेल तर ऑनलाइन अर्जाला एका वर्गाचे ४,५०० रुपये पडतात, नाहीतर ९,०००. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगांची सरकारी नोंद, आधी करून घेतली की हा फरक वाचतो. नोंदणी होण्याआधीही नावापुढे टीएम लिहिता येतं. वर्तुळातला आर नोंदणी झाल्यावरच. परीक्षण, मग जर्नलमध्ये प्रसिद्धी, मग हरकतींसाठी चार महिने, एवढं पार पडलं की नोंदणी दहा वर्षांची. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या लोकांचे अर्ज मुंबईच्या कार्यालयाकडे जातात.

चित्र आधी की शब्द आधी, असा प्रश्न वकिलांनी विचारला होता. लोगो बदलतात, रंग बदलतात. पावतीच्या छपाईयंत्रावर तर रंग येतच नाही, काळ्या अक्षरांत नाव तेवढं उमटतं. म्हणून आम्ही नुसत्या शब्दाचा अर्ज केला.

डोमेनची गोष्ट लवकर संपली. डॉट कॉम आधीच कुणीतरी घेऊन ठेवलं होतं आणि मागत होता ती रक्कम आमच्या सगळ्या काट्यांच्या किमतीपेक्षा जास्त होती. डॉट इन मिळालं, ते घेतलं. आमचं गिऱ्हाईक भारतातलं आहे, त्याला शेवटी इन बघून परकं वाटत नाही. देवनागरीतलं डॉट भारत २०१४ पासून मिळतं, तेही घेऊन ठेवलं, कारण नाव दोन लिप्यांत जगतं म्हटल्यावर दोन्ही पत्ते आपले असायला हवेत.

पहिला ठराव गडहिंग्लजकडच्या एका संस्थेनं केला. सचिवांनी ठरावाच्या वहीचं पान व्हॉट्सॲपवर पाठवलं. स्पेलिंग कुणी विचारलं नव्हतं आणि नाव बरोबर लिहिलं होतं. आता तोच शब्द देवनागरीत वेगळा नोंदवायचं चाललं आहे. दुसऱ्या लिपीतल्या शब्दाच्या अर्जात इंग्रजीतलं लिप्यंतर आणि अर्थ द्यावा लागतो. लिप्यंतर देऊन झालं. अर्थाच्या रकान्यात 'जमवलेला शब्द, अर्थ नाही' असं लिहून मसुदा वकिलांकडे दिला आहे.